टायर हुंगून घेणारी गोजाबाई

गोजाबाई परकर नेसायची, त्या वयातली गोष्ट. चाकणच्या अलीकडं तिचं माहेर. घराला लागूनच गोठा, मधे नुसती कुडाची भिंत. गोजा गोठ्यात शेण भरत होती आणि भिंतीपलीकडं तिच्या आई-आप्पांचं भांडण पेटलं होतं.

भांडण बैलावरून. तिचे आप्पा, भिमाजी, म्हणजे जनावराची पारख असलेला माणूस. चाकणच्या बाजाराला निघाले की दुसऱ्याच्या खरेदीलासुद्धा लोक त्यांना बरोबर न्यायचे. आणि त्यांनी स्वतःच्या दावणीला आणलेला हरण्या, जमिनीला ओल आली तसा मागचा पाय धरायला लागला होता.

"त्या हेड्यानं तोंडानं सांगितलं व्हतं ना तुमाला, ओलीत लंगडतो म्हून?" आई विचारत होती. हेडी म्हणजे जनावरांचा दलाल.

"सांगितलं म्हून तर फसलो," आप्पा म्हणाले. "आपल्या जनावराची खोड जो आपण होऊन सांगतो ना, त्यो तिच्या आड मोठी खोड दडवीत आसतो. ध्यानात ठिव."

आईनं ध्यानात ठेवलं की नाही, देव जाणे. गोजानं ठेवलं. तिची पाटी भरली होती. ती डोक्यावर घेऊन ती उकिरड्याकडं चालती झाली, आणि आप्पांचं ते बोलणं तिच्याबरोबर निघालं ते थेट सासरपर्यंत, चिखलीला.

सासरी पहिल्याच दिवशी सासू म्हणाली, "भाजीत मीठ कमी असंल हं, माझा हात हलका हाय." गोजानं भाजी हुंगून बघितली. मीठ कमी आहे हे ही बाई आपण होऊन सांगते, म्हणजे भाजीत दुसरं काय जास्त पडलंय? काहीच नव्हतं पडलेलं. मीठच कमी होतं. पण पारखून घेतलं ते बरंच, असं तिला वाटलं. डॉक्टर म्हणाला, "या गोळीनं जरा झोप येईल," तर गोजाबाईनं ती गोळी तुळशीच्या कुंडीत पुरली. मुलाचं, कुलदीपचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडचे म्हणाले, "आमच्या तेजस्विनीला स्वयंपाक बेताचाच येतो." झालं. लग्नानंतर वर्षभर गोजाबाई सुनेची मोठी खोड शोधत होती. शेवटी एकदाची ती सापडली. सूनबाई सायकल चालवायची.

त्याचं काय झालं, की तोवर चिखलीत बैल उरलेच नव्हते. शेतांची प्लॉटं झाली, प्लॉटांवर वर्कशॉप आली, वर्कशॉपांच्या मागं बिल्डिंगी आल्या. गोठ्याच्या जागी गाड्या लागायला लागल्या. पारख करायला जनावर नाही, आणि आप्पांकडून आलेला संशय तर अंगात तसाच. तो जायचा कुठं? तो गेला पोरांच्या सायकलींकडं.

सुरुवात मारुतरावांपासून झाली. शेजारचेच. त्यांनी नातवाला मोठ्या हौसेनं एक निळी सायकल आणली. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पेढे वाटले. गोजाबाई पेढा खाता खाता सायकलीभोवती फिरली, वाकली आणि तिनं टायर हुंगला.

"मारुतराव, ह्यो टायर गोदामात पडून म्हातारा झालाय."

"गोजावहिनी, टायर कुनी हुंगतं व्हय?"

"तोंड उघडून दात बघता येत न्हाईत, म्हून हुंगायचं."

मग तिनं नखानं दांडीवरचा रंग खरवडला. खाली तांबडा गंज. मारुतरावांच्या हातातला पेढा हातातच राहिला. त्या दिवसापासून आळीत कुणाच्या लेकराला सायकल घ्यायची असली की आधी गोजाबाईला सांगावा जायचा. तिचे आप्पा जसे बाजाराला जायचे तशी ती दुकानाला जायची. नऊवारी, हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, कारण दुकानदाराचं पाणी प्यायलं की मन नरम पडतं म्हणे.

तिची रीत ठरलेली. आधी सायकल चार पावलं चालवून दाखवायला लावायची, बैल चालवतात तशी. मागं उभं राहून बघायचं, चाक कुठल्या कुशीला जातं. पायडल उलटं फिरवून कान लावायचा. ब्रेक दाबून ढकलून बघायचं. शेवटी टायर हुंगायचा. दुकानदार "ऑफर" म्हणाला की पदर खोचायची. "बेल फुकट" म्हणाला तर विचारायची, "मग बाकीच्यात ती भरून घेतली आसंल?" हेल्मेट पोराच्या डोक्यावर घालून त्याला मान हलवायला लावायची, हेल्मेट मागं राहिलं आणि मान पुढं गेली तर परत. आणि आपल्या लोकांची ती एक सवय, शाळेच्या गणवेशासारखी सायकलही वाढत्या अंगाची घ्यायची, ती तिला अजिबात खपायची नाही. पोराचे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि बाप म्हणतोय, पुढच्या वर्षी टेकतील. "आन् ह्या वर्षी काय हवेत ऱ्हाऊ दे व्हय त्याला?" ती म्हणायची.

तशी ती चुकायची नाही. म्हणजे चुकलेली कुणाला दिसायची नाही.

मग नातीची वेळ आली. कुलदीपची मुलगी मैत्री मोठ्या शाळेत जायला लागणार होती. बालवाडी आळीतच होती, तिथं गोजाबाई बोट धरून न्यायची. नवी शाळा लांब आणि गोजाबाईचे गुडघे जवळचे सुद्धा नको म्हणायला लागलेले. कुलदीप चाकणला कंपनीत, गाडी घेऊन पहाटे शिफ्टला जायचा. तेजस्विनी म्हणाली, "मी नेते ना सायकलवर. मागं सीट बसवून घेऊ."

गोजाबाईनं रस्ता आठवून बघितला. एकुलती एक नात, मागच्या कॅरिअरवर, आणि त्या तळवड्याच्या बाजूनं येणारे ट्रक. पण नको म्हणावं तर सून म्हणणार, तुम्हाला सगळ्यातच संशय. म्हणून ती एवढंच म्हणाली, "सीट मी निवडनार."

दुकान पिंपरीत, संत तुकाराम नगरला. लहान मुलांच्या सायकली आणि त्यांचंच सामान. तेजस्विनी सायकल चालवत पुढं गेली. गोजाबाई मैत्रीला घेऊन बसनं. बस मेली रेंगाळत आली. गोजाबाई पोचली तोवर तेजस्विनी आणि दुकानवाली स्टुलावर बसून हसत बोलत होत्या, हातात चहा. पहिला संशय तिथंच.

दुकानवालीचं नाव नीला. पस्तिशीची असेल. वडील कंपनीत कामगार होते, ही स्वतः काही वर्षं लाइनवर उभी राहिलेली, नंतर सायकलींचं दुकान टाकलेलं. कानामागं पेन्सिल, हातात पाना. बाई असून हातात पाना, हे गोजाबाईला खटकलं नाही. पाना असून हात इतके स्वच्छ, हे खटकलं.

"या आजी. बसा. पाणी देऊ?"

"आनलंय मी."

भिंतीवर सीटं टांगलेली. त्यातलं एक गुलाबी, मऊ गादीचं, वर फुलपाखरं. मैत्रीनं ते बघितलं आणि बोटच दाखवलं. दुसरं एक काळं, ओबडधोबड, दोन्ही बाजूंना पंखासारखे आडोसे, खाली पाय ठेवायला खोलगट जागा आणि पायाला बांधायचे पट्टे.

नीला म्हणाली, "आजी, ते गुलाबी घेऊ नका."

"का गं?"

"दिसायला गोड आहे, पण पायाला आडोसा नाही. लेकराचा पाय लोंबत राहतो आणि चाकात जाऊ शकतो. माझ्याच दुकानातलं आहे, पण सांगते. हे काळं घ्या. उलट थोडं स्वस्तच आहे."

गोजाबाईच्या कानात कुडाच्या भिंतीपलीकडचे आप्पा बोलले. आपल्याच मालाची खोड आपण होऊन सांगते. वर दुसरं स्वस्त आहे म्हणते. दुकान काय धर्मादाय घातलंय हिनं? नक्की ते काळं कुणी घेत नसणार, आणि आमच्या गळ्यात मारायचं ठरलेलं आहे. चहा पिता पिता ठरलेलं आहे.

"काळं कशापायी? लेकराची पयली वस्तू, आन् काळी?"

"रंगाला काय करायचंय आजी, पाय जपायचाय."

तेजस्विनी म्हणाली, "आई, ती बरोबर सांगतेय बहुतेक."

"तुला चा पाजलाय तिनं. तू गप."

तेजस्विनीनं चहाचा कप खाली ठेवला. नीला हसली नाही, हे तिचं चांगलं. गोजाबाईनं गुलाबी सीट खाली उतरवायला लावलं. गादी दाबली, शिलाई ओढली, पट्टा ताणला, हुंगलं. कोऱ्या रबराचा वास. खोड एकही सापडली नाही. म्हणजे हेच.

नीलानं ते बसवून दिलं, नट दोनदा आवळून. मग म्हणाली, "निदान चाकाला जाळी लावून देते. स्कूटरला साडीगार्ड असतं ना, तसली. पैसे नकोत."

"तेजू काय साडी नेसून सायकल चालवती व्हय?"

"साडीसाठी नाही आजी, पायासाठी."

"फुकट न्हाई लागत आमाला काई."

नीलानं जाळी परत खुंटीला अडकवली. "बरं," ती म्हणाली. "मग बुटाच्या नाड्या तरी रोज आत खोचत जा." हेही गोजाबाईला संशयास्पद वाटलं. सायकलवालीला बुटाशी काय करायचंय?

आळीत गुलाबी सीटाचं कौतुक झालं. गोजाबाईनं निवडलं म्हणजे बघायलाच नको. आठवड्याच्या आत मारुतरावांच्या नातीला तसलंच आलं, आणि समोरच्या विमलबाईंच्या नातवालाही. विमलबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "गोजाबाय, तुमच्यामुळं आमाला डोकं चालवावंच लागत न्हाई बगा." गोजाबाई वरवर म्हणाली, "तसं कुटं," आणि आत जाऊन स्वतःच्याच हातचा चहा जरा जास्त साखर घालून प्यायली.

शाळा सुरू झाली. गोजाबाई रोज सकाळी उंबऱ्यात उभी. मैत्री मागं बसायची, पोटाला पट्टा, पाठीला दप्तर. संध्याकाळी आली की सांगायची, "आजी, आमची सायकल गाणं म्हणते." गोजाबाईला वाटायचं, बेल वाजवत असतील मायलेकी.

मग एक दिवस तिला मैत्रीच्या बुटावर चरे दिसले. उजव्या बुटाला, टाचेपाशी, आतल्या अंगाला. बारीक, शेजारी शेजारी. बूट नवेकोरे.

आता गोजाबाईला काम मिळालं. पहिला संशय उंदरावर. बूट फळीवर ठेवायला लागली. चरे वाढलेच. दुसरा संशय शाळेतल्या बाईंवर, पोरांना फरशीवर घसटत चालवते की काय. मैत्रीला विचारलं तर म्हणाली, "आमच्या बाई गोड आहेत." लेकरू आपण होऊन गोड म्हणतंय, म्हणजे बघायलाच हवं, असं गोजाबाईला वाटलं. पण शाळेच्या फाटकात उभं राहून बघितलं तर बाई खरंच गोड होत्या. तिसरा संशय बूटवाल्यावर. बूट पिशवीत घालून ती त्याच्या दुकानात गेली.

"कागदाचे बूट इकतोस व्हय रं?"

त्यानं बूट उजेडात धरला. "मावशी, हे कुरतडलेलं नाही, फाटलेलं पण नाही. हे घासलंय. तारेवर घासल्यावाणी दिसतंय."

तार. गोजाबाई घरी आली आणि तिनं अंगणातली वाळवणाची तार तपासली. कुंपणाची तार तपासली. मैत्रीची उंची आणि तारेची उंची काही जुळेना.

राहिला शेवटचा संशय, आणि तो सुनेवर. तेजस्विनी रोज त्याच रस्त्यानं जाते कशावरून? त्या नीलाच्या दुकानातून बायकांच्या सायकल फेऱ्या निघतात म्हणे, हीही त्यांच्यात जात असेल. वाटेत कुठं लेकराला उतरवून ठेवत असेल, तारेच्या कुंपणापाशी. दुसऱ्या दिवशी गोजाबाई उंबऱ्यात थांबली नाही. आधीच निघून आळीच्या वळणावर, देवळाच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

उंबऱ्यातून तिला रोज सायकलची पाठ दिसायची. वळणावर सायकल आडवी दिसली, पहिल्यांदाच.

तेजस्विनी नाकासमोर बघत येत होती. मागं मैत्रीचे पाय लोंबत होते, झोपाळ्यावर बसल्यासारखे. पाय पुढं गेला, मागं आला, आणि टाच चाकाच्या तारांना टेकली. टर्रर्र. मैत्री हसली. पाय पुन्हा पुढं. पुन्हा टर्रर्र. हेच ते गाणं.

आणि बुटाची नाडी सुटलेली होती.

गोजाबाईचे गुडघे त्या दिवशी काही म्हणाले नाहीत. ती रस्त्यात सायकलीपुढं येऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून. "तेजू, थांब." तेजस्विनीनं करकचून ब्रेक दाबला. सायकल थांबली, पण तोवर नाडीनं तारेला एक वेढा घेतला होता आणि पाय आत ओढला होता. टाच तारांमधे, घोटा दांडीला टेकलेला. अजून अर्धा फेरा, आणि घोट्याचं काही खरं नव्हतं.

मैत्री रडलीसुद्धा नाही. "आजी, गाणं बंद पडलं," ती म्हणाली.

"पाय हलवू नगंस, बाय माझी."

तेजस्विनी खाली उतरायला लागली. "उतरू नगंस. सायकल नुसती धर," गोजाबाई म्हणाली. रस्त्यात बसून तिनं चाक उलटं फिरवलं, हळूहळू, बोटभर. नाडीचा वेढा सुटला. पाय बाहेर आला. घोट्याला खरचटलं होतं, बाकी काही नाही. गोजाबाई तो घोटा दोन्ही हातांत धरून बसून राहिली. मागं एक टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, त्याला तेजस्विनीनं असा काही हात दाखवला की तो इंजिन बंद करून बसला.

मैत्रीला शाळेत चालत नेलं. घरी आल्यावर तेजस्विनीनं सासूपुढं चहा ठेवला, आणि गोजाबाईनं तो हुंगला नाही.

मग गोजाबाईनं माहेरी फोन लावला. थोरला भाऊ, कोंडीराम, ऐंशीला टेकलेला, कानाला जरा जड.

"दादा, आप्पा म्हनायचे बग, खोड आपण होऊन सांगनारा मोठी खोड दडवतो म्हून."

"कवा म्हनायचे?"

"हरण्याच्या भांडनात. मी गोठ्यात व्हते."

फोनवर कोंडीराम खोकला की हसला, कळलं नाही. "अगं, त्या बाजाराला हरण्याचं दावं माज्याच हातात व्हतं. हेड्यानं सरळ सांगितलं, लंगडतो, म्हून भाव कमी. आप्पांनी त्या कमी भावावरच घेतला. मग आई बोलाय लागली तवा दिलं काईतरी ठोकून. आईनं लगीच इचारलं की, मग त्याची मोठी खोड कंची, ती तरी सांगा. आप्पा उटून पारावर गेले."

"मला न्हाई ऐकू आलं हे."

"तू पाटी घेऊन गेली आसशील. हरण्याला दुसरी खोडच नव्हती गोजा. लई गुनाचं जनावर. नुस्तं लंगडायचं."

"आन् हे तू आता सांगतोस व्हय मला?"

"तू आता इचारलंस."

गोजाबाईनं फोन ठेवला. भावाचं बोलणं खरं की काय, असा एक संशय तिला येऊन गेला. दुसरा संशय आला तो आप्पांवर, आणि तो येऊन बसलाच. हलेना. संध्याकाळपर्यंत ती कोथिंबीर निवडत राहिली, निवडलेलीच परत निवडत.

दुसऱ्या दिवशी ती, तेजस्विनी आणि ती सायकल, सगळी वरात छोट्या टेम्पोतून नीलाच्या दुकानी. मैत्रीला शाळेला सुट्टी, तीही बरोबर. नीला एका पोराच्या सायकलला बाजूची छोटी चाकं बसवत होती. मान वर करून म्हणाली, "या आजी."

"ते काळं सीट हाय का, का खपवलंस?"

"आहे की."

"कशापायी ठिवलं? मी येनार म्हून ठावं व्हतं तुला?"

"नाही हो. कुणी घेतच नाही. काळं आहे ना. लेकराच्या वस्तूला काळा रंग नको म्हणतात सगळे. मी सांगून सांगून थकले."

गोजाबाईचा अर्धा संशय खराच होता तर. काळं खपत नव्हतंच. फक्त खपत नव्हतं म्हणून ते खोटं नव्हतं. तिला जरा हुशारी आली. तिनं मैत्रीचा पाय उचलून नीलाला घोटा दाखवला. नीलानं पाना खाली ठेवला, घोट्याकडं बघितलं. आतून मलमाची डबी आणून मैत्रीला लावलं. "मी म्हटलं होतं" हे शब्द त्या बाईच्या तोंडून निघाले नाहीत. गोजाबाई कान लावून होती, म्हणून तर तिला नक्की ठाऊक.

"आनखी दोन काळी लागतील," गोजाबाई म्हणाली. "दोन गुलाबी परत यायच्यात."

"परत?"

"मारुतरावाची आन् विमलबाईची. माज्या सांगन्यावर घेतली त्यांनी. हात दे."

तिनं नीलाचा हात ओढून आपल्या पदराखाली घेतला आणि तिची बोटं दाबली. चाकणच्या बाजारात भाव असाच ठरायचा, कापडाखाली, बोटांवर, शेजारच्याला कळू न देता. नीलाला काही कळेना. "आजी, गुदगुल्या होतात," ती म्हणाली. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच, तरी गोजाबाईनं पदर बाजूला केला नाही. शेवटी नीला म्हणाली, "तिन्ही गुलाबी आणा, तिन्ही काळी न्या, आणि चाकाला जाळ्या पण नेताय ना या खेपेला?"

"न्हेते. पर फुकट न्हाई."

"फुकट नाही," नीला म्हणाली.

राहिली आळी. तिथं जाऊन काय सांगायचं? टेम्पोत बसून गोजाबाई विचार करत होती. चुकलं म्हणावं तर विमलबाई पुढची दहा वर्षं पुरवून पुरवून खाणार. न म्हणावं तर त्यांचं लेकरू उद्या सकाळी त्याच सीटावर बसणार. नाडी तिथंही सुटायचीच.

ती आधी विमलबाईंच्याच दारात गेली. "विमलबाय, त्या गुलाबी सीटाला पायाचा आडोसा न्हाई. मैत्रीचा पाय चाकात चालला व्हता. दुकानवालीनं मला आदीच सांगितलं व्हतं, मी ऐकलं न्हाई. ते काडून द्या, हे बसवा."

विमलबाई बघतच राहिल्या. "तुमी ऐकलं न्हाई?"

"न्हाई ऐकलं."

"अगं बाई." मग त्यांची नजर नव्या सीटावर गेली. "पर हे काळं हो. नव्या सायकलीला काळं?"

गोजाबाईनं पिशवी खांद्यावर सारखी केली. "लेकराच्या गालाला तीट कसली लावता? पांडरी?"

विमलबाई हसल्या. सीट आत गेलं. मारुतरावांकडंही तेच झालं. पुढं महिन्याभरात आळीत जिकडं तिकडं काळी सीटं, आणि नीलाला मागणी पुरवता पुरवता नाकी नऊ. आयाबाया दुकानात येऊन म्हणायच्या, ते तिटीचं सीट द्या. नीलाला आधी कळेना, मग कळलं.

गोजाबाईचा संशय काही गेला नाही. तो जाणार कुठं, अंगातलाच तो. फक्त दुकानातला तिचा प्रश्न बदलला. आधी ती खोड शोधायची, आता विचारायची. "ह्यात खोड काय?" जो दुकानदार म्हणेल, "काहीच नाही आजी, एक नंबर माल," त्याच्या दुकानातून ती पाण्याची बाटली उचलून निघायची. नीला मात्र सांगायची, आणि गोजाबाई ऐकून घ्यायची. ऐकून घेऊन मग हुंगायची ते हुंगायचीच.

मैत्री सीटात मावेनाशी झाली, तेव्हा तिला स्वतःची सायकल घ्यायची ठरली. थंडीचे दिवस होते. गोजाबाईला तोवर धाप लागायची, कुलदीप म्हणाला, मोबाइलवर मागवू, घरी येईल खोक्यातून. ती म्हणाली, "खोक्यातलं जनावर कुनी घेतं व्हय?" तिला रिक्षानं नेलं. तिची ही शेवटचीच खरेदी, होळीपर्यंत ती राहिली नाही. पण त्या दिवशी असं कुणाच्या मनातही नव्हतं, तिच्या तर नाहीच. ती आली तशी पदर खोचून आली.

नीलानं तीन सायकली पुढं मांडल्या. मैत्रीनं तिन्हींवर टांग टाकून पाहिलं. पहिलीवर पाय टेकेनात. "फुडच्या वर्षी टेकतील," मैत्री स्वतःच म्हणाली, आणि आजीकडं बघून जीभ चावली. दुसरी हिरवी, तिच्यावर पाय टेकत होते.

"हिच्यात खोड काय?"

"आजी, हिची चेन आवाज करते. तेल घालून थांबतो, पण परत करते."

"आन् ती तांबडी?"

"तांबडीचा ब्रेक कडक आहे. हिच्या हाताला पहिले काही दिवस जड जाईल. घरी रोज थोडा थोडा दाबायला लावा, सैल होतो. बाकी सायकल चांगली आहे."

"बाकी चांगली म्हनालीस."

"बाकी चांगली आहे."

गोजाबाईनं मैत्रीला ब्रेक दाबायला लावला. एका हातानं जमेना, दोन्ही हातांनी जमला. चार पावलं सायकल चालवून बघितली. पायडल उलटं फिरवून कान लावला. मैत्रीच्या बुटाच्या नाड्या बघितल्या, एक सुटलेली होती, ती आत खोचली. तेजस्विनी म्हणाली, "आई, हीच घेऊ या ना मग?" नीलानं पुसायला फडकं उचललं होतं, तेही परत ठेवलं. आजींचं व्हायचंय अजून, हे तिला ठाऊक होतं.

गोजाबाई गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि तिनं पुढचा टायर हुंगला.

"बरं हाय," ती म्हणाली, आणि मागचा हुंगायला वळली.